उंब्रजहून न्यूयॉर्क किती लांब?

आमच्या भागात कुणाच्या घरी माणूस गेलं की फोनवर पहिला प्रश्न येतो, "माती कधी आहे?" पूर्वी याचं उत्तर तासाभरात ठरायचं. लेक पाटणला दिलेली असायची, भाऊ इस्लामपुरात असायचा. त्यांना यायला किती वेळ लागेल, हे घरातल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असायचं. आता अंगणात जमलेली माणसं एकमेकांना विचारतात, "पोरगा कधी पोचतोय?" पोरगा न्यू जर्सीत असतो, दुबईत असतो, मेलबर्नला असतो. कराडहून शीतपेटी आणलेली असते, तिची वायर खिडकीतून आत घेतलेली असते. ओट्यावर बसलेला एखादा पुतण्या मोबाईलवर विमानाच्या वेळा बघत असतो. "सोळा तास दाखवतंय," तो सांगतो. कुणीतरी बोटांवर मोजून म्हणतं, "म्हणजे उद्या सकाळी." हे उत्तर मी अनेकदा ऐकलं आहे, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी ते चुकलं आहे. माती संध्याकाळवर जाते, कधी दुसऱ्या दिवशीवर. कधी भावकीतली वडील माणसं ठरवतात की आता उरकून घ्यावं, पोरगा सावडायला तरी पोचेल.

दोन लांबच्या शहरांमधलं विमानाचं अंतर किती आणि वेळ किती, हा प्रश्न म्हणूनच मला नुसत्या कुतूहलाचा वाटत नाही. उत्तर कसं निघतं, ते का बदलतं आणि त्यात कोणता भाग आपण मोजायचाच विसरतो, हे एकदा नीट मांडून पाहायला हवं.

आधी सरळ अंतर. उंब्रज साधारण १७.४ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७४.१ अंश पूर्व रेखांशावर आहे. तारळी कृष्णेला मिळते ते हे गाव. चाफळला जायचं तर महामार्ग इथेच सोडावा लागतो, आणि समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक इथला. इथून मुंबईचा विमानतळ पक्ष्याच्या वाटेने सुमारे २३० किलोमीटर, रस्त्याने तीनशेच्या आसपास. मुंबईहून न्यूयॉर्क सुमारे १२,५४० किलोमीटर, लंडन ७,२००, दुबई १,९३०. हे आकडे कुणी विमानातून मोजून आणलेले नाहीत. पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल आहे असं धरून, दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेऊन, त्रिकोणमितीने ते काढता येतात. अकरावी-बारावीच्या गणितात साइन-कोसाइन शिकलेल्या कुठल्याही पोराला हे हिशेब कागदावर जमतील.

घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर गणिताचीही गरज नाही. एक सुतळी घ्या. एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि सुतळी ताणून धरा. भिंतीवरच्या नकाशावर आपल्याला वाटतं की वाट अरबस्तानावरून, भूमध्य समुद्रावरून आणि अटलांटिकवरून सरळ पश्चिमेला जात असेल. गोलावर ताणलेली सुतळी तिकडे जातच नाही. ती मुंबईतून निघते तीच उत्तर-वायव्येकडे तोंड करून. पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि मध्य आशिया ओलांडून ती रशियात शिरते, सेंट पीटर्सबर्गच्या जवळून नॉर्वेकडे जाते, आइसलंडवरून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला लागते आणि कॅनडावरून न्यूयॉर्कला उतरते. या वाटेवरचं सर्वांत उत्तरेचं ठिकाण ६४.७ अंशांवर येतं, म्हणजे उत्तर ध्रुववृत्त तिथून दोन अंशांवर राहतं. भिंतीवरच्या नकाशात रेघ ओढून त्याच दिशेने गेलं तर सुमारे १४,२०० किलोमीटर भरतात, सुतळीच्या वाटेने १२,५४०. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना ध्रुवांकडचा भाग ताणला जातो, आणि त्या ताणामुळे आपली नजर चुकते. हा १,७०० किलोमीटरचा फरक मी शाळेत शिकलो नव्हतो. सुतळी हातात धरल्यावर तो मला कळला, आणि भूगोलाच्या प्रत्येक वर्गात हा प्रयोग एकदा तरी व्हावा असं तेव्हापासून वाटतं.

आता वेळ. मोठं प्रवासी विमान उंचीवर गेल्यावर ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास वेगाने उडतं. घरगुती हिशेबासाठी मी एक साधी रीत वापरतो. अंतराला ८५० ने भागायचं आणि धावपट्टीवर रांगण्याचे, चढण्याचे, उतरण्याचे म्हणून पाऊण तास मिळवायचा. दुबईला तीन तास येतात, आणि खरोखर तेवढेच लागतात. लंडनला सव्वानऊ येतात, न्यूयॉर्कला साडेपंधरा. इथून पुढे मात्र रीत अडखळते. लंडनला जाताना पावणेदहा-दहा तास लागतात आणि येताना नऊच्या आत काम होतं. न्यूयॉर्कला जाताना सोळा, येताना साडेचौदा. अंतर तेच, विमान तेच, तरी दोन दिशांना दोन वेळा.

याचं कारण वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, समशीतोष्ण पट्ट्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक झोत अखंड वाहत असतो. त्याचा वेग ताशी शंभर-दोनशे किलोमीटर असतो आणि हिवाळ्यात कधी तीनशेच्याही वर जातो. विमान हवेत पोहत असतं, त्यामुळे ती हवाच पुढे सरकत असेल तर जमिनीच्या हिशेबात विमानाचा वेग वाढतो. कृष्णेला पाणी असताना पोहलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर सियारा नावाचं वादळ होतं, तेव्हा न्यूयॉर्कहून निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी तेराशे किलोमीटरवर गेला होता. आपल्याकडे पावसाळ्यात चित्र उलटं होतं. जून ते सप्टेंबर दक्षिण भारताच्या वर खूप उंचावर पूर्वेकडून पश्चिमेकडे झोत वाहतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात त्याचा अभ्यास मांडला. आपल्या शेतात पाऊस पाडणाऱ्या व्यवस्थेचाच तो वरचा मजला आहे.

वाऱ्याचं महत्त्व किती, हे एअर इंडियाने २०१६ साली दाखवून दिलं. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान तोपर्यंत अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. त्या वर्षी ऑक्टोबरपासून ते पूर्वेला वळवून पॅसिफिकवरून नेऊ लागले. अंतर वाढून १५,३०० किलोमीटरवर गेलं आणि वेळ उलट कमी झाला, कारण वारा पाठीशी आला होता. पुढे जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली सगळ्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्को–बंगळूर विमान उत्तर ध्रुवावरून आणलं. लांबची वाट लवकर पोचवू शकते, आणि हे पाहायचं तर गुगलवरच्या एका आकड्यावर विसंबून चालत नाही.

वाऱ्यापेक्षा जास्त त्रास देतात त्या माणसांनी आकाशात घातलेल्या वेशी. सुतळीची वाट ज्या देशांवरून जाते, त्यांपैकी किती देश आपल्या विमानाला वाट देतील? बालाकोटनंतर २७ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानने हवाई हद्द बंद केली, ती जुलैच्या मध्याला उघडली. त्याच वर्षी जूनमध्ये इराणने अमेरिकेचं ड्रोन पाडलं आणि युनायटेड एअरलाइन्सने न्यूअर्क–मुंबई थेट सेवा थांबवली. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं आणि युरोप-अमेरिकेच्या विमानांना रशियाचं आकाश बंद झालं. हेलसिंकी–टोकियो हा साडेनऊ तासांचा प्रवास तेराच्या घरात गेला. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा दार लावलं. दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना तेव्हापासून गुजरातवरून अरबी समुद्रात जाऊन वळसा घालावा लागला. अमेरिकेच्या काही विमानांना इंधनासाठी युरोपात थांबावं लागलं, आणि दिल्ली–वॉशिंग्टन सेवा एअर इंडियाने सप्टेंबर २०२५ पासून बंदच केली. मुंबई समुद्राकाठी असल्यामुळे तिला हा फटका कमी बसला, पण बसला. त्याच वर्षी २३ जूनला कतारने काही तास आकाश बंद केलं आणि दोह्याकडे निघालेली विमानं जिथे जागा मिळेल तिथे उतरली. त्या रात्री दोह्यावरून पुढे जाणाऱ्या प्रवाशांना १२,५४० या आकड्याचा काही उपयोग नव्हता.

बदलाच्या विमानाबद्दल आपल्याकडे एक पक्का समज आहे की दुबईवरून किंवा लंडनवरून जाणं म्हणजे फार मोठा वळसा. आकडे तसं सांगत नाहीत. मुंबई–दुबई–न्यूयॉर्क मिळून सुमारे १२,९५० किलोमीटर होतात, म्हणजे थेट अंतरापेक्षा चारशे जास्त. लंडनवरून तर जेमतेम दोनशेच जास्त. वेळ खातो तो मधला मुक्काम. दोन विमानांमध्ये तीन तास मिळाले तर नशीब, नाही तर आठ-दहा तास खुर्चीत काढावे लागतात. तिकीट काढताना किलोमीटर बघू नयेत, मधले तास बघावेत.

तिकिटावरच्या वेळांनी होणारा घोटाळा तर घरोघरचा आहे. रात्री एकला मुंबईहून निघालेलं विमान त्याच तारखेला सकाळी साडेसहाला न्यूयॉर्कला उतरतं. घरचे म्हणतात, साडेपाच तासांत पोचली की पोरगी! खरं तर ती सोळा तास बसून असते. हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. परत येताना तोच हिशेब उलटा बसतो. दुपारी बाराला तिथून निघालेला मुलगा साडेचौदा तास उडून आपल्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारी एकला उतरतो. अंगणातल्या माणसांची बोटं नेमकी इथे चुकतात, कारण "सोळा तास" हा आकडा जाण्याचा असतो, येणाऱ्याला त्याची वेळ वेगळी लागते, आणि घड्याळाचा फरक कधी दोनदा धरला जातो, कधी धरलाच जात नाही.

हा प्रवास पूर्वी कसा होता, हे पाहायला आमच्याकडून फार लांब जावं लागत नाही. उंब्रजहून कृष्णा ओलांडली की मसूर. १९०१ साली, नऊ-दहा वर्षांचा भीमराव नावाचा मुलगा घरातल्या इतर मुलांबरोबर साताऱ्याहून रेल्वेने मसूर स्टेशनात उतरला. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला रोखपाल होते, त्यांना भेटायला ही मुलं निघाली होती. वडिलांकडून कुणी घ्यायला आलं नव्हतं. मुलं महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे हटला आणि एकही गाडीवान त्यांना गाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडं घेऊन एक जण तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि तो पायी चालणार. रात्र झाली, जवळ भाकरी होती, पण वाटेत प्यायला पाणी मिळालं नाही. मुलं दुसऱ्या दिवशी गोरेगावला पोचली. बाबासाहेब आंबेडकरांनी ही हकिगत 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत स्वतः लिहून ठेवली आहे. तोच मुलगा १९१३ साली बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर मुंबईहून जहाजाने निघून जुलैत न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचला. समुद्राचा तो सारा प्रवास मला मोठा वाटतो, पण मसूर ते गोरेगाव ही एका रात्रीची वाट त्याहून लांब वाटते. अंतर किलोमीटरवर ठरतं असं मानणाऱ्याने मसूरच्या फलाटावर जाऊन एकदा उभं राहावं. तिथे अंतर जातीवर ठरलं होतं.

त्यानंतरचे टप्पे भराभर येतात. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, आणि तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. जुहू ते बेल्लारी नकाशावर रेघ ओढली तर ती खटाव-खानापूरच्या माळावरून जाते. पावसाळ्यात जुहूच्या चिखलात विमान उतरवणं अशक्य व्हायचं, म्हणून टाटांनी मुक्काम पुण्याला येरवड्याजवळच्या मैदानावर हलवला होता. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून निघालं आणि कैरो, जिनिव्हा करत १० जूनला लंडनला पोचलं. मे १९६० मध्ये बोइंग ७०७ जेट विमानाने एअर इंडिया न्यूयॉर्कला जाऊ लागली. न थांबता मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला जाणं ही तर एकविसाव्या शतकातली सोय आहे.

मुंबई–न्यूयॉर्कचा वेळ असा महिन्यावरून सोळा तासांवर आला. आमच्या दारापासून विमानापर्यंतचा वेळ मात्र त्या मानाने फारसा घटलेला नाही.

रात्री एकच्या विमानासाठी दहाला मुंबईच्या विमानतळावर असायला हवं. रस्ता सहा तासांचा, त्यावर दीड तास हाताशी ठेवावा लागतो, म्हणून उंब्रजहून निघायचं दुपारी अडीचला. साताऱ्यापर्यंत महामार्गाचं सहापदरीकरण, वळवलेले रस्ते, अर्धवट पूल. मग आनेवाडीचा टोल, खंबाटकीचा घाट, खेड-शिवापूरचा टोल. नवले पुलावर काय वाढून ठेवलंय हे कुणी सांगू शकत नाही. चांदणी चौकातून सुटलं की द्रुतगती मार्ग, तिथे खंडाळ्याला शनिवार-रविवारी गाड्यांची रांग. मग वाशी, मग मुंबई. एकदा घरच्यांना सोडायला गेलो असताना खंबाटकीच्या अलीकडे एक कंटेनर आडवा झाला होता. तीन तास आम्ही जागचे हललो नाही. पुढच्या सीटवर बसलेल्या म्हातारीने मांडीवर कापडी पिशवीत पासपोर्ट आणि तिकिटाचा कागद घट्ट धरला होता आणि दर पाच मिनिटांनी ती विचारत होती, "विमान थांबंल का रं?" विमान थांबत नाही. त्या रात्री आम्ही वेळेत पोचलो ते केवळ विमानाला उशीर झाला म्हणून.

दारापासून दारापर्यंत बेरीज केली तर अशी येते : रस्त्याचे सहा-साडेसात तास, विमानतळावरचे तीन, आकाशातले सोळा, तिकडे उतरल्यावर इमिग्रेशन, सामान आणि न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घरापर्यंत अडीच. एकूण एकोणतीस तासांपर्यंत. अंतराचा जवळजवळ सगळा भाग विमान कापतं, पण वेळेत त्याचा वाटा निम्म्याहून थोडाच जास्त. आणि यातला सगळ्यात बेभरवशाचा भाग उंब्रज ते मुंबई हा आहे. अटलांटिकवरचा वारा वैमानिकाला आधीच कळलेला असतो, तशी खंबाटकी आपल्याला कळत नाही.

मग विमानतळच जवळ का नको, हा प्रश्न आमच्याकडे प्रत्येक निवडणुकीत येतो. कराडला विमानतळ आहेच, उंब्रजपासून सरळ रेषेत चौदा किलोमीटरवर. कोयना प्रकल्पासाठी १९५५ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्याने ती धावपट्टी बांधली. लांबी सुमारे १,२८० मीटर. छोटी विमानं उतरतात, प्रवासी जेटला मात्र दोन हजार मीटर आणि त्याहून जास्त लागते. धावपट्टी वाढवायची तर वारुंजी, मुंढे, केसे या भागातली बागायती जमीन घ्यावी लागते, आणि तिथल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला आहे. मला त्यांचं म्हणणं पटतं. समजा धावपट्टी वाढली आणि कराड–मुंबई विमान सुरू झालं, तरी तासाभराच्या त्या उड्डाणापूर्वी दीड तास आधी पोचायचं, मुंबईत टर्मिनल बदलायचं, आणि परदेशी विमानं रात्री सुटत असताना हे विमान दुपारी पोचवणार. खरी बचत दोन तासांची, त्यासाठी कोयनाकाठची काळी जमीन जाणार. हा सौदा मला मान्य नाही.

कोल्हापूरचं उदाहरण समोर आहे. उडान योजनेतून २०१८ पासून तिथली सेवा पुन्हा उभी राहिली आणि हैदराबाद, बंगळूर, तिरुपती, मुंबई अशी गावं जोडली गेली. उंब्रजहून तिथला उजळाईवाडीचा विमानतळ नव्वद किलोमीटरच्या आसपास. दक्षिणेकडे जाणाऱ्याला त्याचा मोठा आधार झाला, आणि हा आधार सर्वांत जास्त कुणाला झाला असेल तर सांगलीच्या गलाईवाल्यांना. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव आणि इकडे खटाव-माण. दुष्काळाने शेती पोसेना म्हणून इथली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर गेली. केरळ, तामिळनाडूपासून दिल्ली-कोलकात्यापर्यंत सराफ बाजारात गलाईच्या भट्टीवर मराठी बोलणं ऐकू येतं. त्यांच्या आधीच्या पिढीने हा प्रवास रेल्वेच्या डब्यात दोन-दोन दिवस काढून केला. आता पुणे–कोलकाता हे सुमारे १,५८० किलोमीटरचं अंतर विमान अडीच तासांत कापतं. गावची यात्रा, पालच्या खंडोबाची पौषातली यात्रा, घरातलं लग्न, यांना माणूस दोन दिवसांसाठी येऊन जाऊ शकतो. अमेरिकेतल्या मुलांविषयी आपण पुष्कळ लिहितो. या हजारो गलाई कुटुंबांच्या येण्याजाण्याविषयी कमी लिहिलं जातं, याची मला खंत आहे.

८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. आमच्यासाठी ती मोठी गोष्ट आहे. पनवेलजवळच थांबता येणार, वाशीचा पूल आणि मुंबईची गर्दी वाचणार, म्हणजे चांगल्या दिवशी तासभर आणि वाईट दिवशी दोन. लांब पल्ल्याची परदेशी विमानं तिथून जितकी लवकर आणि जितकी जास्त सुटतील, तितकं सातारा-सांगलीचं अंतर खऱ्या अर्थाने कमी होईल. पुणे–मिरज रेल्वेमार्गावर पनवेलपर्यंत थेट आणि वेळेवर धावणारी गाडी मिळाली तर त्याहून उत्तम. तारगाव, मसूर, कराडच्या माणसाला रात्रीच्या विमानासाठी दुपारी निघून घाटात अडकण्याची धास्ती राहणार नाही. माझ्या मते मागणी करायची तर या गाडीची आणि महामार्ग वेळेत पूर्ण करण्याची करावी.

अंगणातल्या प्रश्नाकडे परत येतो. मुलाला फोन गेला, पुढचं थेट विमान मिळालं, तर विमानतळाकडे निघण्यापासून उंब्रजच्या दारापर्यंत सव्वीस-सत्तावीस तास धरावेत. बदलाचं विमान असेल तर बत्तीस ते छत्तीस. त्या दिवशीच्या विमानात जागा नसेल तर एक दिवस वाढवावा. आणखी एक अंतर आहे, ते कोणत्याच गोलावर मोजता येत नाही. नोकरीच्या व्हिसावर असलेल्या आणि पासपोर्टवरचा शिक्का संपलेल्या मुलाला भारतात येता येतं, पण परत जाण्याआधी वकिलातीतून नवा शिक्का घ्यावा लागतो, आणि त्याची तारीख कधी मिळेल हे त्याच्या हातात नसतं. असा मुलगा फोनवर गप्प बसला तर त्याला निष्ठुर म्हणू नये.

म्हणून ज्यांची माणसं बाहेरगावी आहेत त्यांना माझं सांगणं आहे. आई-वडील धडधाकट आहेत तेव्हाच एका कागदावर लिहून ठेवा : मुलगा-मुलगी कुठल्या शहरात, जवळचा विमानतळ कोणता, तिथून मुंबईला थेट विमान आहे का, नसेल तर कुठे बदलतं, व्हिसा कधीपर्यंत चालतो, मुंबईहून आणायला रात्री कुणाची गाडी मिळेल. शेवटी दारापासून दारापर्यंतचे तास लिहा. कागद देवघरात किंवा कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, आणि कुणी "पोरगा कधी पोचतोय?" विचारलं की तिकिटावरचा आकडा न सांगता त्या कागदावरचा सांगा.